तरंगतं घर : ॲनी ब्रॅसी आणि तिची 'सनबीम'

८० दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेली असेल. ज्यूल व्हर्नची ही कादंबरी १८७३ साली पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या युरोपला वेगाचं वेड लागलं. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. आगबोटी वेळापत्रकाप्रमाणे धावत होत्या. तिकिटं काढून जगाला वळसा घालणं आता स्वप्न राहिलं नव्हतं.

नेमक्या याच काळात, १८७६ च्या जुलै महिन्यात, एक इंग्लिश कुटुंब जगप्रदक्षिणेला निघालं. त्यांना किती दिवस लागले? तब्बल ४६ आठवडे! पैसे कमी पडले म्हणून नव्हे, पैसा तर पाण्यासारखा होता. त्यांना घाईच नव्हती. ते आपलं घरच सोबत घेऊन निघाले होते. मुलंबाळं, नोकरचाकर, पुस्तकं, दोन कुत्री, तीन पक्षी आणि धाकट्या मुलीचं एक पर्शियन मांजर. मांजर पहिल्या काही दिवसांतच गायब झालं. नांगराची साखळी ज्या भोकातून जाते तिथून ते समुद्रात पडलं असावं अशी सगळ्यांना भीती वाटली. बाकी मंडळी मात्र जग पाहून सुखरूप परतली.

या तरंगत्या घराची मालकीण म्हणजे ॲनी ब्रॅसी. आज हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण १८८० च्या सुमारास इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत ते पोचलं होतं. आणि मित्रांनो, तिच्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबई आणि सांगलीपर्यंत येतो. तो कसा, ते पुढे येईलच.

रेल्वेवाल्यांची सून

ॲनीचा जन्म ७ ऑक्टोबर १८३९ चा, लंडनमधला. माहेरचं आडनाव ऑलनट. आजोबा वाइनचे बडे व्यापारी आणि चित्रांचे शौकीन. आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे बालपण आजोबांच्या मोठ्या घरात, बागेत आणि पुस्तकांत गेलं. झाडाफुलांचं वेड तिथेच लागलं. तब्येत मात्र पहिल्यापासून नाजूक. छातीचं दुखणं तिला वारशाने मिळालं होतं आणि ब्राँकायटिसने जन्मभर पाठ सोडली नाही. त्यातच तरुणपणी एकदा शेकोटीजवळ उभी असताना तिच्या घेरदार झग्याने पेट घेतला. भाजण्यातून बरं व्हायला सहा महिने लागले. अशा मुलीला घरच्यांनी जपून, दुलईत गुंडाळून ठेवावं, असाच तो काळ.

१८६० मध्ये तिचं लग्न थॉमस ब्रॅसीशी झालं. आता सिव्हिलवाल्यांनी जरा कान टवकारावेत. हिचे सासरे, त्यांचंही नाव थॉमस ब्रॅसीच, हे त्या शतकातले सर्वांत मोठे रेल्वे कॉन्ट्रॅक्टर. ब्रिटन, फ्रान्स, इटली, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा कितीतरी देशांत त्यांनी रूळ टाकले. आपल्याकडच्या ईस्टर्न बेंगॉल रेल्वेच्या बांधकामातही त्यांचा हात होता. १८७० मध्ये ते वारले तेव्हा जगातल्या एकूण रेल्वेमार्गांपैकी सुमारे विसावा भाग त्यांनी बांधलेला होता, असं मानलं जातं. मागे ठेवलेली संपत्ती सुमारे ५० लाख पौंड. त्या काळातले पौंड, हे लक्षात घ्या.

मुलाने मात्र बापाचा धंदा पुढे चालवला नाही. कायदा शिकला, १८६८ पासून हेस्टिंग्जचा खासदार म्हणून पार्लमेंटमध्ये बसला. पण जीव सगळा समुद्रात. हौशी यॉटवाले बहुतेक वेळा पगारी कप्तान ठेवायचे आणि स्वतः डेकवर खुर्ची टाकून बसायचे. या पठ्ठ्याने रीतसर परीक्षा देऊन व्यापारी जहाजाच्या कप्तानाचं सर्टिफिकेट मिळवलं. पुढे तो ब्रिटिश नौदलाच्या कारभारातही मोठ्या पदावर गेला. म्हणजे 'सनबीम'चा मालक आणि तिचा नाविक एकच होता.

ॲनी लग्नानंतर नवऱ्याबरोबर समुद्रावर जाऊ लागली. तिला बोट लागायची! एकदोन दिवस नव्हे, प्रत्येक सफरीत, जन्मभर. जरा वारा वाढला की बाईसाहेब आडव्या. तरीही ती पुन्हा पुन्हा गेली. हे वाचताना नवल वाटतं. एखाद्याला गणिताचा पेपर बघूनच घाम फुटावा आणि तरी त्याने हट्टाने गणितातच पदवी घ्यावी, त्यातला हा प्रकार.

नाव कुठून आलं?

ब्रॅसी दांपत्याला एक मुलगा आणि चार मुली झाल्या. त्यातली कॉन्स्टन्स नावाची मुलगी १८७३ मध्ये स्कार्लेट फीव्हरने गेली. वय जेमतेम चार वर्षांचं. घरात तिला लाडाने 'सनबीम' म्हणत. सनबीम म्हणजे उन्हाची तिरीप. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, त्यांची नवी बोट पाण्यात उतरली. तिला त्यांनी लेकीचं नाव दिलं.

त्यामुळे ही बोट म्हणजे नुसता श्रीमंतांचा छंद होता असं म्हणता येत नाही. ज्या घरात ती पोर गेली, त्या घरात बसून राहण्यापेक्षा तिच्या नावाच्या घरात सगळ्यांनी मिळून राहावं, असं काहीतरी त्यात असावं. ॲनीने याबद्दल जाहीरपणे फार गाजावाजा केला नाही. पण मुलांना मागे ठेवून जायचं नाही, हे तिने जगप्रदक्षिणेच्या वेळी ठरवून टाकलं. चारही मुलं बोटीवर घेतली. थोरला मुलगा बारातेरा वर्षांचा, तर सर्वांत धाकटी मारी फक्त सव्वा वर्षाची.

बोटीचा हिशेब

आता जरा यंत्राकडे वळू, नाहीतर आमचे सर म्हणतील की मेकॅनिकलच्या पोरांनी नुसत्या कथा लिहिल्या.

'सनबीम'चा आराखडा लिव्हरपूलच्या सेंट क्लेअर बर्न यांचा. लांबी १५७ फूट, रुंदी साडेसत्तावीस फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॉलीबॉलची अडीच मैदानं एकापुढे एक ठेवा, एवढी लांब. रुंदीला मात्र एका मैदानापेक्षाही कमी. एवढ्या जागेत ४३ माणसं अकरा महिने राहिली. सांगाडा लोखंडी आणि त्यावर लाकडी फळ्या, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'कंपोझिट' बांधणी. लोखंडामुळे मजबुती मिळायची आणि लाकडामुळे तळाला तांब्याचा पत्रा मारता यायचा. नुसत्या लोखंडाला तांबं लावलं तर खाऱ्या पाण्यात दोघांची विद्युतघटासारखी जोडी जमते आणि लोखंड गंजून जातं. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाच्या व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो!

तीन डोलकाठ्या, त्यावर शिडं, आणि पोटात लेअर्ड कंपनीचं वाफेचं इंजिन. प्रत्यक्ष मोजलेली ताकद ३५० अश्वशक्ती. चाचणीत वेग मिळाला १० नॉटपेक्षा किंचित जास्त. कोळशाच्या कोठारात ८० टन कोळसा मावायचा. शांत समुद्रात ८ नॉटने चालायचं तर रोज सुमारे ४ टन कोळसा लागायचा.

आता वहीच्या मागच्या पानावर हिशेब करा. ८० भागिले ४ म्हणजे २० दिवस. २० दिवस, रोज २४ तास, ताशी ८ सागरी मैल. उत्तर येतं ३,८४० सागरी मैल. चिलीच्या वाल्पराइसो बंदरापासून ताहिती बेटापर्यंतचं अंतर ४,००० मैलांच्याही वर आहे, आणि वाटेत कोळसा विकणारं दुकान नाही. म्हणजे केवळ इंजिनाच्या भरवशावर निघालात तर प्रशांत महासागराच्या मध्यात भट्टी विझणार.

मग मोठं इंजिन का नाही बसवलं? कारण मोठं इंजिन म्हणजे जास्त कोळसा, आणि जास्त कोळसा म्हणजे राहायला कमी जागा. वेग हवा असेल तर घर सोडा, घर हवं असेल तर वेग सोडा. ब्रॅसींनी घर निवडलं. इंजिन ठेवलं ते बंदरात शिरायला, अरुंद सामुद्रधुनीतून वाट काढायला आणि वारा अगदीच पडला तर. बाकी सगळा भरवसा शिडांवर. एकूण प्रवास ३५,००० सागरी मैलांच्या वर झाला, त्यातला अर्ध्याहून जास्त शिडांवर.

या संथपणामागे असा साधा हिशेब होता. ऐषआराम आणि वेग हे एकाच बोटीत कोंबता येत नव्हते.

निघाले एकदाचे

१ जुलै १८७६ ला बोटीने इंग्लंडचा किनारा सोडायला सुरुवात केली. पहिल्याच टप्प्यात समुद्राने पाणी दाखवलं. मुलं मागच्या बाजूला डेकवर बसली होती. सुकाणूवर नवखा माणूस. त्याच्या हातून बोट थोडी वाकडी झाली आणि मागून आलेली एक प्रचंड लाट डेकवर चढली. थोरला मुलगा वाहून जाता जाता कठड्याला धरून राहिला. मुलगी मेबल कप्तान लेकी यांच्याजवळ दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती, ते वेटोळंच तरंगायला लागलं. लेकींनी आधीच एक दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मेबलला कवटाळलं. तो दोर हाताशी नसता तर दोघंही गेले असते. हेच लेकी पुढे नौकानयनावरच्या एका पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून जगभरच्या नाविकांत प्रसिद्ध झाले. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला मनगटाला दोर गुंडाळायचं भान होतं, हे विशेष.

मदेरा, टेनेरिफ, मग अटलांटिक ओलांडून रिओ. तिथून अर्जेंटिना, मॅगेलनची सामुद्रधुनी, चिली. वाल्पराइसो सोडल्यावर जवळजवळ महिनाभर जमीन दिसली नाही. मग ताहिती. १८७६ चा नाताळ हवाई बेटांवर. तिथे त्यांनी किलावेआ ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन उकळता लाव्हा पाहिला. जानेवारी १८७७ च्या अखेरीस जपान. तिथे क्योटो आणि कोबे यांच्यामधल्या नव्या रेल्वेचं उद्घाटन खुद्द सम्राटाच्या हस्ते चाललं होतं. रेल्वेवाल्यांची सून अर्ध्या जगाला वळसा घालून आली आणि समोर पुन्हा रेल्वेच! पुढे हाँगकाँग, कँटन, सिंगापूर, सिलोन, एडन, सुएझ, आणि १८७७ च्या मे अखेरीस घर.

आरामाचा अर्थ

या प्रवासात इतकं ओढून घेणारं काय होतं? ॲनीच्या वर्णनांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. आगबोटीच्या उतारूला फक्त दोन ठिकाणं असतात, निघायचं आणि पोचायचं. मधला समुद्र म्हणजे सहन करायची गोष्ट. सुट्टीत घरी जाताना आपल्याला रात्रीची एस.टी. जशी वाटते तशीच. 'सनबीम'वर मात्र मधला समुद्र हेच राहण्याचं गाव होतं. मुलं तिथेच शिकायची, खेळायची. ॲनी वाचायची, लिहायची, फोटो काढायची. १८७३ पासून ती लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीची सभासद होती, आणि तेव्हाचे फोटो म्हणजे काचेच्या प्लेटा आणि रसायनांचा पसारा. हलत्या बोटीवर तो सांभाळणं म्हणजे कसरतच. वारा पडला तर पडला. एखादं बेट आवडलं तर नांगर टाकायचा, कंटाळा आला तर उचलायचा. वेळापत्रक नाही. आजच्या काळात खरी चैन कशाला म्हणावं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मऊ गाद्या नंतर.

पण हेही सांगायला हवं की हा आराम फुकट नव्हता, आणि त्याची किंमत सगळे सारखी मोजत नव्हते. ४३ जणांत घरची माणसं आणि पाहुणे मोजकेच. बाकी खलाशी, फायरमन, आचारी, नोकर. उष्ण कटिबंधात भट्टीसमोर फावडं मारणाऱ्या माणसाला चांदण्या रात्रीचं कौतुक किती असणार? वर्कशॉपमध्ये मे महिन्यात स्मिथीचा जॉब केलेल्यांना याची थोडीफार कल्पना येईल. शिवाय ज्या बंदरांत 'सनबीम'चं स्वागत व्हायचं त्यातली अनेक ब्रिटिश साम्राज्याची होती. खासदाराच्या यॉटला सगळे दरवाजे उघडायचे. ॲनीने जग पाहिलं ते या डेकच्या उंचीवरून. तिची नजर कुतूहलाची होती, तरी ती मालकांच्या जगातली होती.

पेटलेलं जहाज

प्रवासातला सर्वांत थरारक प्रसंग घडला २८ सप्टेंबर १८७६ ला, पॅटागोनियाच्या किनाऱ्याजवळ. दूर एक जहाज संकटाचा इशारा देताना दिसलं. नाव 'मॉन्क्सहेवन'. वेल्समधल्या स्वान्झीहून वाल्पराइसोला कोळसा घेऊन निघालेलं. आणि तो कोळसाच पेटला होता.

कोळसा ठिणगीशिवाय कसा पेटतो? जहाजाच्या पोटात हजारो मण कोळसा दाबून भरलेला असतो. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संथपणे संयोग होत असतो आणि थोडी थोडी उष्णता निघत असते. ढीग मोठा असला की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. तापमान वाढलं की संयोग जास्त वेगाने, तो वाढला की तापमान आणखी. शेवटी ढिगाच्या पोटातच आग. वरून झाकणं बंद ठेवली तर ती धुमसत राहते, उघडली तर हवा मिळून भडकते. नाविक दोन्हीकडून अडकतो.

'मॉन्क्सहेवन'वरची १५ माणसं या आगीवर अक्षरशः उभी होती. ब्रॅसींनी आपल्या छोट्या होड्या पाठवून सगळ्यांना 'सनबीम'वर आणलं. ४३ चे ५८ झाले. पाणी, धान्य, झोपायची जागा, सगळ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. रात्री मागे वळून पाहिलं तर जहाज पेटत होतं. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत एक टपालबोट भेटली, तिच्यावर ही माणसं सोपवली.

या प्रसंगात दोन गोष्टी डोक्यात राहतात. एक म्हणजे, 'सनबीम'च्या पोटातही कोळसाच होता. दुसरी म्हणजे, वेळापत्रक नसलेली बोट थांबू शकते. चैनीची बोट त्या दिवशी १५ जणांसाठी जीवनदायी ठरली.

पडल्यापडल्या लिहिलेलं पुस्तक

ॲनी प्रवासात वडिलांना लांबलचक पत्रं लिहायची. रोजनिशीसारखी, तारखेवार. बऱ्याचदा अंथरुणात पडून, पोटात ढवळत असताना. परतल्यावर हीच पत्रं नीट लावून तिने १८७८ मध्ये 'सनबीम'च्या सफरीचं पुस्तक काढलं. ते इतकं खपलं की प्रकाशकही चकित झाले असतील. एकामागून एक आवृत्त्या, स्वस्त आवृत्ती, शाळांसाठी वेगळी आवृत्ती, किमान पाच भाषांत भाषांतरं.

का आवडलं असेल? तोवर समुद्रप्रवासाची पुस्तकं म्हणजे पुरुषांची. वादळं, नकाशे, लढाया. ॲनीने लिहिलं ते बंदरावरच्या बाजाराबद्दल, भाजीच्या आणि माशांच्या प्रकारांबद्दल, मुलांच्या पडसेखोकल्याबद्दल, बोटीवरच्या स्वयंपाकाच्या अडचणींबद्दल. घरी बसलेल्या वाचकाला, आणि त्याहून जास्त वाचिकेला, वाटलं की एवढं आपल्यालाही जमलं असतं. जमलं असतं का हा प्रश्न वेगळा, कारण त्यासाठी ५० लाख पौंडांचे सासरे लागतात!

पुढेही सफरी चालू राहिल्या. भूमध्य समुद्र, सायप्रस, कॉन्स्टँटिनोपल, १८८३ मध्ये वेस्ट इंडीज. प्रत्येक वेळी पुस्तक. घरी वस्तुसंग्रह वाढत गेला. १८८६ मध्ये लंडनला साम्राज्यातल्या वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी पंजाबातल्या भेरा गावच्या मुहम्मद बख्श आणि मुहम्मद जुमा या कारागिरांनी लाकडी कोरीवकामाचा एक दरबार हॉल घडवला होता. ब्रॅसींनी तो विकत घेऊन आपल्या लंडनच्या घरात बसवला. तो आज हेस्टिंग्जच्या संग्रहालयात आहे.

आणखी एक काम तिने मनापासून केलं, ते प्रथमोपचार शिकवण्याचं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेसाठी ती बंदरोबंदरी वर्ग भरवायची, भाषणं द्यायची. स्वतः भाजलेली, स्वतः कायम आजारी. अपघात झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शेजारी कोण आहे आणि त्याला काय येतं, याला किती महत्त्व आहे हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

मुंबई, पुणे आणि शेवटचा प्रवास

१८८६ च्या अखेरीस 'सनबीम' पुन्हा लांबच्या सफरीला निघाली. थॉमस आता लॉर्ड ब्रॅसी झाला होता. ॲनीची तब्येत खालावत चालली होती. छातीच्या जोडीला जुना हिवताप. समुद्राची हवा मानवेल अशी आशा होती. १८८७ च्या सुरुवातीला हे कुटुंब मुंबईत होतं. उत्तर हिंदुस्थान, मग दक्षिणेत हैदराबाद आणि आपलं पुणे, असा त्यांचा फेरफटका झाला. सासऱ्यांनी ज्या रुळांवर नाव कमावलं तसल्याच रुळांवरून सून हिंदुस्थान पाहत होती.

मग सिलोन, ब्रह्मदेश, सिंगापूर, बोर्निओ, सेलेबेस आणि ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियात अंगात ताप असतानाही प्रथमोपचाराच्या वर्गांसाठी ती सभांना जात राहिली. रोजनिशी ऑगस्टच्या अखेरीस थांबते. उत्तरेकडचं डार्विन बंदर सोडल्यावर हिंदी महासागरात ताप चढत गेला. १४ सप्टेंबर १८८७ ला ॲनी वारली. वय ४७. सूर्यास्ताच्या वेळी, नवरा आणि मुलींच्या देखत, तिचा देह समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. कबर नाही, दगड नाही. १५ अंश ५० मिनिटं दक्षिण, ११० अंश ३८ मिनिटं पूर्व, एवढीच खूण.

संथ प्रवासाची खरी किंमत इथे कळते. घर सोबत असतं, माणसं सोबत असतात, पण पुढचं बंदर कित्येक दिवसांवर असतं. जगातली सगळी दौलत त्या दिवसांतून एक तास कमी करू शकत नाही. हिवतापाचं कोडंही तेव्हा सुटलेलं नव्हतं. ते सुटायला आणखी दहा वर्षं लागली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, तेही हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत!

धागा सांगलीचा

ॲनी गेली तेव्हा तिची धाकटी मारी बारा वर्षांची होती. हीच ती, सव्वा वर्षाची असताना जगप्रदक्षिणा केलेली, पर्शियन मांजराची मालकीण. १८९२ मध्ये तिचं लग्न झालं फ्रीमन टॉमस नावाच्या तरुणाशी. तो पुढे लॉर्ड विलिंग्डन झाला. १९१३ ते १९१८ मुंबईचा गव्हर्नर आणि १९३१ ते १९३६ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. मुंबईतला विलिंग्डन क्लब त्याच्या नावाचा. आणि १९१९ मध्ये सांगलीत सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेजही त्याच्याच नावाचं. सांगलीचे जे मित्र आहेत, त्यांनी यापुढे त्या कमानीखालून जाताना 'सनबीम'वरच्या त्या छोट्या पोरीची आठवण काढायला हरकत नाही.

आणखी एक योगायोग. पहिल्या महायुद्धात म्हाताऱ्या लॉर्ड ब्रॅसीने 'सनबीम' जखमी सैनिकांसाठी गॅलिपोलीच्या बाजूला नेली, तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या घरात होतं. १९१६ मध्ये त्याने ती हिंदुस्थान सरकारला देऊन टाकली, रुग्णांच्या उपयोगासाठी. जिची आई गावोगावी प्रथमोपचार शिकवत हिंडली, ती मारी त्या वेळी मुंबईत गव्हर्नरची पत्नी होती. मेलेल्या बहिणीच्या नावाची आणि आईच्या शेवटच्या प्रवासाची बोट आता रुग्णसेवेसाठी आली होती. मारीला तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बोट १९२९ मध्ये मोडीत निघाली. ससेक्समधलं त्यांचं नॉर्मनहर्स्ट नावाचं भलंमोठं घर १९५१ मध्ये पाडलं. इंजिन गेलं, शिडं गेली, ५० लाख पौंडही वाटेला लागले. राहिले ते तिचे फोटोंचे सत्तर अल्बम, कॅलिफोर्नियातल्या एका ग्रंथालयात जपून ठेवलेले. आणि राहिली ती पत्रं, बोट लागत असताना, आडवं पडून, वडिलांना लिहिलेली.

आपल्यापैकी कुणाकडे यॉट येण्याची शक्यता तशी कमीच. पण चार वर्षं आपणही अशाच एका बोटीवर आहोत. अरुंद खोल्या, ठरावीक माणसं, मेसचं तेच जेवण, आणि पुढचं बंदर लांब. सगळ्यांचे डोळे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या बंदराकडे लागलेले. मधला समुद्र पाहायचा राहून जाऊ नये, एवढंच. आणि जमलं तर घरी एखादं लांब पत्र लिहावं. कुणी सांगावं, ते कधी कुणाच्या उपयोगी पडेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी